घरपट्टी मालकाची, मग कर आमच्या नावे का?

इंग्लंडमध्ये कामाला गेलेल्या आपल्या तरुणांचा एक प्रश्न आमच्या कानांवर वारंवार येतो. घर भाड्याचे, मालक निराळाच. मग कौन्सिलचे करपत्रक आमच्या नावे का? प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र त्यावर इथल्या ओट्यावर बसून दिले जाणारे उत्तर, ‘ठेव ते पत्र बाजूला, मालक पाहून घेईल’, आम्हांस घातक वाटते.

वसईत काय किंवा गोव्यात काय, घरपट्टी भरणे हे मालकाचे काम. इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्स आधी राहणाऱ्याला शोधतो. मालक त्याच घरात राहत असेल तर देणे त्याचे. नसेल तर भाडेकरूचे. अख्खे घर चौघांनी एकाच करारनाम्यावर घेतले असेल, तर त्यांतील प्रत्येक जण संपूर्ण रकमेला बांधलेला असतो. तिघे कामासाठी दुसऱ्या शहरी निघून गेले की सारा बोजा चौथ्याच्या गळ्यात! उलट, मालकाने एकेक खोली निरनिराळ्या माणसांना दिली असेल तर कर सामान्यतः मालकावर राहतो; 1 डिसेंबर 2023 पासून अशा घरातील खोल्यांवर वेगवेगळी करआकारणी करणेही तेथे बंद झाले आहे. तेव्हा सारे काही त्या सहीच्या कागदावर अवलंबून आहे. तो वाचू न देता सही घेणाऱ्या एजंटाला आपण उपकारकर्ता कसे म्हणतो, हे आम्हांस उमगत नाही.

बाजूला ठेवलेले पत्र गप्प बसत नाही. हप्ता चुकला की स्मरणपत्र येते, पुढे वर्षाची उरलेली सारी रक्कम एकदम मागितली जाऊ शकते आणि प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर जाते.

हा कर न्याय्य आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये आजही घराची श्रेणी 1 एप्रिल 1991 च्या किमतीवरून ठरते. त्या दिवशी 3,20,000 पौंडांहून अधिक किमतीची सारी घरे एकाच वरच्या श्रेणीत, आणि तिचा कर सर्वांत खालच्या श्रेणीच्या केवळ तिप्पट. वाड्यात राहणारा आणि खोपट्यात राहणारा यांच्यात एवढेच अंतर! त्याआधीचा माणशी कर तर याहून जाचक होता. 1990 साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात लोक त्याविरुद्ध उसळले आणि 1993 मध्ये तो गेला. पत्रे न उघडल्याने तो गेला नाही.

याहून आम्हांस सलते ती दुसरी गोष्ट. घरात एकच प्रौढ असेल तर चतुर्थांश सूट मिळते. ती मिळावी म्हणून चारजण राहत असताना एकच नाव कळवणारे महाभाग आपल्यांत आहेत, आणि ही हुशारी म्हणून सांगितली जाते. (पूर्णवेळ विद्यार्थ्यांना गणतीतून वगळतात, ही खरीखुरी सवलत मागायला मात्र कित्येक विसरतात.) आपल्या मुली तेथे वृद्धांची शुश्रूषा करतात. त्या शुश्रूषेवर कौन्सिल जे खर्चते, त्याचा मोठा वाटा याच करातून येतो. मग आपण फसवतो ते कोणाला?

2009 साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावे तिच्यातून वगळावीत म्हणून आपली माणसे रस्त्यावर उतरली. आपल्यावर कर कोणी बसवावा, हा प्रश्न त्यांना जिव्हाळ्याचा वाटला होता. तीच माणसे तिकडे गेल्यावर मुकी का होतात? भारत राष्ट्रकुलात असल्याने तेथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय प्रौढाला मतदारयादीत नाव घालता येते. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोवेकरालाही स्थानिक निवडणुकीत मत आहे. स्विंडनसारख्या शहरात तर गोवेकरांची वस्ती मोठी आहे. कर भरूनही यादीत नाव न घालणाऱ्यांनी कौन्सिलला दूषणे देण्यापूर्वी तो अर्ज भरावा. त्याला पैसे पडत नाहीत.