स्वावलंबन कोणी कोणाला शिकवायचे?

परसात भाजी पिकवा, गच्चीवर सूर्यचूल मांडा, बाजाराची पायरी शक्य तितकी टाळा, असा उपदेश सध्या शहरांतून मोठ्या उत्साहाने चालू आहे. २०२० साली ‘आत्मनिर्भर’ या शब्दाला सरकारी शिक्का मिळाल्यापासून त्याला देशभक्तीची झालरही लागली. परसबाग करणाऱ्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या उपदेशामागील गृहीताविषयी. स्वयंपूर्णता हा व्यक्तीचा सद्गुण आहे आणि ज्याला ती साधत नाही तो आळशी वा अडाणी, असे हे गृहीत आहे. नंदुरबार जिल्ह्याचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास ते साफ खोटे ठरवतो.

अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्ल-पावरा कुटुंबांना स्वावलंबनाचे धडे कोणी दिले नव्हते. उतारावरच्या शेतात ज्वारी, मका, उडीद, रानातून मोह आणि चारोळी, नदीत मासे, आंब्याच्या दिवसांत कैरी वाळवून केलेला आमचूर, घर लाकूड-बांबूचे, स्वतः उभारलेले. एकमेकांच्या कामाला आळीपाळीने धावून जाण्याची ‘लाह’ ही रीत होती, म्हणून मजुरीला पैसा लागत नसे. हे जीवन सुखाचे होते असा आमचा दावा नाही. रोगराई होती, भूक होती, दवाखाना व शाळा नव्हती. परंतु जे होते ते कुटुंबाच्या व पाड्याच्या हाती होते.

ते हातून गेले कसे? आळसाने खचितच नव्हे. शहादे-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या व बड्या शेतकऱ्यांच्या घशात गेल्या आणि कालचा मालक स्वतःच्याच शेतात सालदार झाला. १९७२ साली शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने लढा उभारला, तो या लुटीविरुद्ध. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ साली राज्याला करावा लागला, यातच लुटीची कबुली आहे. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला वनखात्याने अतिक्रमक ठरवले. या ‘ऐतिहासिक अन्याया’ची कबुली संसदेने दिली ती २००६ च्या वनहक्क कायद्यात! आणि नर्मदाकाठची ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली.

बिलगावची कथा तर प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. धडगाव भागातल्या या गावाने २००३ साली धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला. तंत्र केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांचे, श्रम गावकऱ्यांचे. सुमारे ३०० घरांत दिवे लागले. याहून अस्सल स्वावलंबन ते कोणते? २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो प्रकल्प बुडाला. १४५० मेगावॉटच्या थोरल्या प्रकल्पाने १५ किलोवॉटचा धाकटा गिळला. त्या थोरल्या विजेतला २७ टक्के वाटा कागदोपत्री महाराष्ट्राचा. पण आपला दिवा विझताना बिलगावला कोणी विचारले होते काय?

आपल्यापैकी काही साथी म्हणतील, घरगुती स्वयंपूर्णतेच्या गोष्टी म्हणजे भांडवलशाहीला हात न लावता मनाचे समाधान करून घेणे होय. आम्ही हे मानत नाही. दिवाळी सरली की जिल्ह्यातून मजुरांच्या टोळ्या गुजरातच्या ऊसतोडीला निघतात. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी असते, तेव्हा घेतलेली उचल त्यांना ओढून नेत असते. ज्याच्या कणगीत श्रावण निभेल इतके धान्य आहे, तोच मुकादमाची उचल नाकारू शकतो. ज्याच्या घरी चूल पेटते, तोच संपात टिकतो. घरातले धान्य ही श्रमिकाची सौदाशक्ती आहे. म्हणूनच स्वयंपूर्णतेचा प्रश्न वर्गलढ्याच्या बाहेरचा नाही, त्याच्या मुळाशी आहे.

मात्र स्वावलंबन म्हणजे सरकारला मोकळीक नव्हे. ‘आत्मनिर्भर व्हा’ म्हणत रेशन, शाळा, दवाखान्यातून अंग काढून घेणे याला आमच्या भाषेत विश्वासघात म्हणतात. आदिवासीला दिवा हवा, डॉक्टर हवा, मुलांना शिक्षण हवे. नको आहे ती लाचारी. १९७८ साली खावटी कर्जाची योजना आली. २०२० साली खावटी म्हणून ४००० रुपयांची मदत जाहीर झाली, त्यातले निम्मे वस्तुरूपाने. भुकेल्याने ती अवश्य घ्यावी. पण ज्यांनी स्वतःची कणगी भरली असती, त्यांच्यावर खावटीसाठी रांग लावण्याची पाळी कोणी आणली, हे विचारल्याशिवाय राहू नये.

तेव्हा कार्यकर्त्यांसमोरचे काम स्पष्ट आहे. वनहक्काचे वैयक्तिक दावे लढवाच, पण सामूहिक हक्काच्या दाव्यांकडे अधिक लक्ष द्या. मोह-चारोळीचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, ग्रामसभेने ठरवावा. पाड्यापाड्यांत धान्यकोश उभे करा. रोजगाराची हमी महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याने मान्य केली. ते काम टोळ्या निघण्यापूर्वी गावातच मिळाले पाहिजे, असा आग्रह धरा. पाणी, माती अडवण्याच्या कामांना लाहेची जुनी रीत जोडा.

गच्चीवर मिरची लावणाऱ्यांनी ती खुशाल लावावी. पण स्वावलंबनाचे व्याख्यान द्यायला सातपुड्यात येणाऱ्याने आधी सांगावे: जमीन, जंगल आणि पाणी परत कधी करता? बाकीचे सातपुड्याला येते.