ग्रुपवर बोला, ठराव सभेत करा

टाकीत पाणी नाही, कुणी दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली, वरून कचरा पडला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून हेच चालते, आणि ते चालावे असेच मला वाटते. पूर्वी नोटीस बोर्डापाशी थांबल्यावर कळणारी गोष्ट आता घरबसल्या कळते. पण तिथेच निकाल लागू लागले की मला धास्ती वाटते.

भटक्या कुत्र्यांचेच बघा. त्यांना खाऊ घालण्याच्या वादाने कित्येक शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याचे काम रहिवासी संघटनेवरही सोपवले आहे. ती जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. हे एकत्र बसून अर्ध्या तासात ठरू शकते. ग्रुपवर मात्र ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याचाच शब्द शेवटचा ठरतो. ज्यांना फोनवर भराभर टाइप करता येत नाही ते आजी-आजोबा गप्प राहतात. आणि घरकामाच्या मावशी, वॉचमन यांच्याबद्दल तर तिथे वाटेल ते लिहिले जाते. उत्तर द्यायला ते तिथे नसतातच.

एकत्र बसून ठरवण्यासाठी तर सभा असते. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिला मोजकेच सभासद येतात, याचे मला फार वाईट वाटते. यंदा आपला विषय लेखी द्या, आणि ज्याच्याशी वाजले आहे त्या शेजाऱ्यालाही सभेला सोबत घेऊन या.