सुटं मिळणार नाही

माझ्या भाच्याला तुम्ही ओळखता. कॉफी दळण्याच्या यंत्रापायी ज्याच्यावर मी मागे एक अख्खा लेख खर्ची घातला होता, तोच हा. त्या लेखानंतर तो काही दिवस माझ्याशी बोलत नव्हता आणि ते दिवस मला स्वस्तात गेले. आता पुन्हा बोलायला लागला आहे. परवा फोनवर म्हणाला, “मामा, पाच जणांचा पॅक येतोय. वाटून घेतोय आम्ही. एक जण उरलाय, तो तू घे.”

हे पाच जण म्हणजे सिनेमातले ॲव्हेंजर्स. उंची सहा इंच, धर्म प्लॅस्टिक. भाचा चाळिशीकडे झुकलेला, नोकरी हिंजवडीला, पगार चांगला. माझ्या बहिणीच्या ज्या काचेच्या कपाटात चिनी मातीचे कप आणि कुणाकुणाच्या मुंजीत आलेली चांदीची निरांजनं असायची, तिथे आता लोखंडी, हिरवे, कातडी असे नाना प्रकारचे पुरुष मुठी वळून उभे असतात. निरांजनं माळ्यावर गेली. त्यातल्या निम्म्या पुरुषांची खोकी त्यानं उघडलेलीही नाहीत, कारण खोकं फोडलं की किंमत उतरते. मी एकदा विचारलं, “मग विकणार कधी?” तर “विकायला थोडीच घेतलेत?” असं उत्तर आलं. या उत्तरानंतर प्रश्न विचारायचे नसतात.

तर या पाचांपैकी त्याला हवा होता एकच, एका विशिष्ट रंगाचा आयर्न मॅन. तो वेगळा विकतच नाहीत. हवा असेल तर उरलेल्या चौघांनाही घरी न्या. मग त्याच्यासारखेच आणखी दोघे-तिघे गाठून वर्गणी काढायची आणि पॅक फोडायचा. कॅप्टन अमेरिका गेला, हल्क गेला, थॉरसाठी दोघांत थोडी कुरबुर झाली म्हणे. उरला हॉकआय. जगातला कुठलाही पॅक फोडा, हॉकआय उरतोच. या बिचाऱ्याकडे ना चिलखत, ना हातोडा, रागावला तरी हिरवा होत नाही. धनुष्य घेऊन कामाला येतो, काम झालं की बायकोमुलांकडे शेतावर परत जातो. ज्यांना सिनेमे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, एवढ्या गर्दीत सुरुवातीपासून घरी रीतसर संसार असलेला हा एकटाच. त्यामुळेच बहुधा भाच्याला मी आठवलो.

मी विचारलं, मुळात हे लोक सुटे का विकत नाहीत? त्यावर अर्धा तास शिकवणी झाली. सार एवढंच, की पोलादी साचा बनवणं फार खर्चाचं काम. एकदा बनवला की त्याच धडावर नवं डोकं, नवा रंग, असं करत तो शक्य तितका पिळून घ्यायचा. ज्या दुकानात ही मंडळी आकड्यांना टांगलेली असतात, तिथे हवे ते पहिल्याच दिवशी उचलले जातात आणि नको ते महिनोन्‌महिने लटकत राहतात. जमवणारे त्यांना ‘पेगवॉर्मर’ म्हणतात. आकडा ऊबदार ठेवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. म्हणून मग एक नवा कोरा, सगळ्यांना हवा असलेला गडी घ्यायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या साच्यातले चार गडी रंग बदलून उभे करायचे, वरून एक देखणं खोकं. झाला पॅक. बरं, आयर्न मॅनच्या बाबतीत सिनेमावाल्यांनीच कंपन्यांची सोय करून ठेवली आहे. त्याचं चिलखत ‘मार्क १’पासून निघालं ते २०१९च्या ‘एंडगेम’पर्यंत ‘मार्क ८५’वर पोचलं. लग्नाच्या बस्त्यातसुद्धा इतके कपडे निघत नाहीत. आणि प्रत्येक कपड्याचा वेगळा बाहुला!

थोडी माहितीही देतो, नाहीतर लेखात नुसती कटकट असते अशी आमच्या संपादकांची तक्रार आहे. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ धो धो चालला आणि केनर या कंपनीकडे नाताळसाठी एकही बाहुला तयार नव्हता. तिनं रिकामं खोकं विकलं! आत एक कूपन. ते भरून पाठवा, पुढल्या वर्षी चौघे जण टपालानं येतील. लोकांनी तेही घेतलं. पुढे अमेरिकेत टॉय बिझ या कंपनीनं आयातशुल्कावरून सरकारला कोर्टात खेचलं. तिथे माणसाची प्रतिमा असलेल्या बाहुलीवर १२ टक्के कर होता आणि माणूस नसलेल्या प्राण्याच्या खेळण्यावर ६.८ टक्के. कंपनीचे वकील म्हणाले, आमचे ‘एक्स-मेन’ माणसं नाहीतच. २००३ साली न्यायाधीशांनी ते मान्य केलं. आम्हीही माणसंच आहोत, हे जगाला पटवण्यात ज्यांच्या सगळ्या गोष्टी खर्ची पडल्या, त्यांना मालकानंच पाच टक्क्यांसाठी माणसातून उठवलं. आपल्याकडे एवढा तात्त्विक घोळ नाही. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेलं. माझ्या हॉकआयनं ते माणूस म्हणून भरलं की प्राणी म्हणून, हे भाच्याला सांगता आलं नाही.

पॅक फुटला तेव्हा मी हजर होतो. भाच्याची सहा वर्षांची मुलगीही होती. तिनं पाचही जणांकडे एकदा पाहून घेतलं आणि मला विचारलं, “मामाआजोबा, ती लाल केसांची कुठाय?” ती म्हणजे ब्लॅक विडो. नव्हती. भाचा म्हणाला, “अगं, ती नसते यात.” कुणीतरी गावाला गेलंय, इतक्या सहज म्हणाला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. कारण ही काही या एका खोक्याची गोष्ट नाही. २०१५च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये विमानातून मोटरसायकलसकट खाली झेपावते ती ब्लॅक विडो. त्याच प्रसंगाचं खेळणं बाजारात आलं तेव्हा मोटरसायकलवर बसवला कॅप्टन अमेरिकाला. हल्कचं काम करणारा मार्क रफालो, त्यानं त्याच वर्षी जाहीरपणे विनवणी केली, की माझ्या मुलींसाठी आणि भाच्यांसाठी ब्लॅक विडोच्या वस्तू काढा हो! खुद्द हल्कला विनवणी करावी लागते, तिथे सहा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतो? ‘आयर्न मॅन ३’ची हकीगत तर याच्या वरताण. दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनीच नंतर सांगितलं, की त्यातला मुख्य खलनायक आधी बाई होती, पण बाईचं खेळणं खपत नाही म्हणून तिचा पुरुष केला. म्हणजे बाहुला आधी ठरतो आणि सिनेमा मागून येतो.

मला राग याचा, की जे एकटं खपत नाही ते खपणाऱ्याच्या गळ्यात बांधायचं, यासाठीच तर पॅक जन्माला आला. हॉकआयला बांधता, एका चिलखताचे तीन तीन रंग बांधता, मग तिलाच का नाही? १९७७च्या त्या रिकाम्या खोक्यात जे चौघे यायचे होते, त्यांतसुद्धा ल्यूक, च्युबाका आणि आर-टू-डी-टू यांच्या जोडीला लेया होती. रिकाम्या खोक्यात बाई मावते, भरलेल्यात मावत नाही.

आमच्या किल्ल्यावर बायका होत्या. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करायचा, त्यावर हळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून चित्रं आणायची. ही चित्रं म्हणजे मातीची माणसं, पुण्यामुंबईच्या बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. ती सुटी मिळायची. पाटीत हात घालून निवडायची. सिंहासनावरचे महाराज एक, भालदार दोन, तोफ परवडली तर. पायथ्याच्या गावात गवळण, पाणी भरणारी बाई, जात्यावर बसलेली म्हातारी, नांगर धरलेला शेतकरी. वाघ हमखास महाराजांपेक्षा मोठा. त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. भाला मोडलेला मावळा पुढल्या वर्षी जखमी म्हणून बुरुजाला टेकवून बसायचा, कारण टाकून द्यायची पद्धत नव्हती. वर्षाला चारदोन नवी आणायची. आमचा संग्रह असा वाढला आणि त्यात प्रत्येक जण कुणीतरी बोट दाखवून मागितलेला होता.

गेल्या दिवाळीत याच मुलीला घेऊन एका तात्पुरत्या स्टॉलवर गेलो, तर तिथेही खोकी. महाराज, आठ मावळे, दोन तोफा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक. आठही मावळे एकाच साच्यातले, एकाच पायावर जोर देऊन उभे. मी म्हटलं, “एक गवळण द्या.” विक्रेता म्हणाला, “काका, सुटं नाही, संच आहे.” संचात गवळण आहे का विचारलं, तर नव्हती. जातं नाही, विहीर नाही, शेतकरी नाही. गड आहे, फौज आहे, आणि या फौजेला जेवायला घालायला खाली गाव नाही! स्वराज्य नुसतं मावळ्यांवर चालत होतं असं त्या खोकंवाल्याला वाटत असेल तर वाटो. मुलीनं तिथेही मला तोच प्रश्न विचारला. फक्त केसांचा रंग सांगितला नाही.

पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात अजून निवडून घेता येतं. थोडं वाकावं लागतं, हाताला रंग लागतो, घासाघीसही होते. यंदा जाल तेव्हा संच घेऊ नका. सुटी मागा, आणि पहिली गवळण उचला. मागणारं कुणी नसलं, तर पुढल्या वर्षी तीही येणार नाही.