फिदिया कुणाच्या हातून?

रमजानचा चंद्र दिसला की अनेक घरांत एक वाद ठरलेलाच. सत्तरी ओलांडलेली दादी म्हणते, रोजा धरणार. मुलगा साखरेचा रिपोर्ट पुढे करतो. मग कुठे दादी गुपचूप गोळी चुकवते, कुठे रोजा सोडून दिवसभर गप्प बसते.

कुरआनने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सूरह बकराच्या 184व्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. तेही ज्यांना कधी झेपणार नाही, अशा थकलेल्यांनी फिदिया द्यायचा, एका रोजाबदली एका गरजूचे जेवण. तीही इबादतच. हे दादीला ठाऊक असते, तरी पटत नाही. त्याला हट्ट म्हणणे सोपे आहे. पण साठ वर्षे ज्या हातांनी घराला सहेरीसाठी उठवले, त्यांना यंदा 'तुम्ही झोपा' असे सांगितले जाते. रोजापेक्षा हेच जास्त लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमान मोजण्यासाठी 100 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तेव्हा शरीर, मन, नातेसंबंध यांच्याबरोबर श्रद्धा हेही स्वतंत्र अंग धरले. घरात मात्र काळजी थांबते ती गोळ्यांच्या डब्यापाशी.

आता फिदियाही मुलगा मोबाइलवरून महिन्याचा एकदम पाठवून टाकतो. पैसे पोहोचतात, हिशेब चोख. दादीला पत्ताही नसतो. तोच डबा रोज संध्याकाळी तिच्या हातून शेजारच्या गरजू घरी गेला, तर तिचा रमजान चालू राहील. सहेरीलाही तिला उठवावे. तिने दस्तरख्वानावर नुसते बसावे, दुआ करावी. जेवण आणि औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावे.

मशिदींत अलीकडे खुर्च्या आल्या, हे चांगलेच झाले. बसून, तेही न जमल्यास पडून इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा शरीयतने दिलीच आहे. पण त्या खुर्च्यांवर आजोबा दिसतात. आजींची तरावीह बहुतेक ठिकाणी घरातल्या मागच्या खोलीत, इफ्तारची भांडी आवरल्यावर, एकटीने. कमिटीच्या बैठकीत रंगरंगोटी, पंखे, रोषणाई यांवर तासभर चर्चा होते. बायकांसाठी आडोशाची एक खोली आणि जिन्याला धरायला कठडा, एवढा विषय यंदा कोणी मांडेल का?