लाइफ संपली, म्हणजे नेमके काय संपले?

चाकणच्या कोणत्याही यंत्रशाळेत सकाळची पाळी सुरू झाली की एक इंग्रजी शब्द हटकून कानी पडतो. ‘इन्सर्टची लाइफ संपली, कॉर्नर बदला.’ ‘या डायची लाइफ अजून किती स्ट्रोक?’ ‘बॅटरीला लाइफच राहिली नाही.’ त्याच दिवशी संध्याकाळी चिंचवडच्या एखाद्या घरी हाच शब्द निराळ्या वेषात भेटतो. ‘मुलाची लाइफ सेट झाली.’ ‘धंद्याच्या धावपळीत लाइफ म्हणून काही उरली नाही.’ लोखंडाच्या तुकड्यापासून पोटच्या मुलापर्यंत सर्वांना एकच शब्द पुरतो, ही त्याची सोय आहे. आणि सोयीच्या वस्तूची किंमत कोठे तरी मोजावी लागते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मराठीने हे सारे अर्थ निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले आहेत. वस्तूला टिकाऊपणा असतो, औषधाला मुदत असते, माणसाला आयुष्य असते. जगण्याची रीत म्हणजे जीवन. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी द्यावा लागतो तो हयातीचा दाखला. आणि या सर्वांच्या आत वसतो तो जीव. आयुष्य मोजता येते. जीव लावावा लागतो. आयुष्य सरते, जीव तुटतो, जीव टांगणीला लागतो, जीवात जीव येतो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. 1956 साली स्थापन झालेल्या एलआयसीचे हिंदी नाव ‘भारतीय जीवन बीमा निगम’ असे आहे. मराठीत मात्र ‘भारतीय आयुर्विमा महामंडळ’ असे म्हटले जाते. मराठी शब्द येथे हिशेबाला चोख आहे. विमा उतरतो तो आयुष्याचा, म्हणजे वर्षांचा. जीवाचा विमा कोणतीही संस्था उतरवू शकत नाही.

बेअरिंगच्या व्यवहारातही अशीच एक सूक्ष्म गोष्ट आहे. अभियंते ज्याला बेअरिंगची प्रमाणित लाइफ म्हणतात, तिचा अर्थ असा की एकाच जातीची, एकाच भाराखाली चालणारी शंभर बेअरिंगे घेतली, तर त्यांतील नव्वद तरी तेवढे फेरे पूर्ण करतील. उरलेली दहा आधीच निकामी होऊ शकतात, आणि ती दहा कोणती हे कोणालाही आधी सांगता येत नाही. म्हणजे हा आकडा समूहाविषयी बोलतो, एकाविषयी नाही. बेअरिंगच्या बाबतीत एवढे पुरते. निकामी झालेल्याच्या जागी दुसरे बसते. घरातल्या माणसाच्या जागी दुसरे बसत नाही.

याच पट्ट्यातील पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ‘अँटिबायोटिक’ या शब्दाच्या पोटात जीवन या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि मराठीने त्याला ‘प्रतिजैविक’ म्हटले. एका जीवाला वाचवण्यासाठी असंख्य सूक्ष्म जीवांच्या विरुद्ध उभे राहणारे औषध! ‘लाइफ सेव्हिंग’ म्हणताना या दुसऱ्या बाजूची आठवण राहत नाही. ‘प्रतिजैविक’ म्हणताना ती शब्दातच दिसते. औषध घ्यावेच लागते. पण ते घेताना ही जाणीव असणे आणि नसणे यांत अंतर आहे.

स्वयंपाकघरात हे अधिक स्पष्ट होते. दुकानातील पाकिटावर छापलेली ‘शेल्फ लाइफ’ घेणाऱ्याच्या बाजूने विचार करते: चव, वास आणि गुण किती दिवस टिकतील? जैन घरातील आजी पिठाच्या डब्याला हात लावताना ‘काळ’ विचारते. पावसाळ्यात तो काळ सर्वांत कमी, हिवाळ्यात अधिक. तो संपला की पदार्थ वर्ज्य होतो, कारण त्यात आता जीवोत्पत्ती झाली असे मानले जाते. एकीकडे लाइफ संपली म्हणून वस्तू टाकायची. दुसरीकडे त्यात जीव आले म्हणून ती वापरायची नाही. डबा तोच, दिवसही कदाचित तोच. प्रश्न मात्र उलटा.

हा उलटा प्रश्न स्वयंपाकघरातून कारखान्यात नेता येतो का, येथे खरी कसोटी आहे. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डायच्या प्रत्येक स्ट्रोकची नोंद असते. तिची लाइफ संपण्याआधी ती धार लावायला जाते, कारण ती महाग आहे. त्याच प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय यंत्र चालू नये अशी योजना असते, कारागिराची बोटे डायखाली येऊ नयेत म्हणून. महिनाअखेरीस माल पोहोचवायची घाई झाली की त्यांतील एक बटण बांधून ठेवण्याचा मोह होतो. तासाला नग वाढतात. डायची नोंदवही चोख राहते. हाताची नोंद कोणत्याही वहीत नसते. बारा तासांची पाळी करून रात्री दुचाकीवरून परतणाऱ्या कंत्राटी मुलाच्या झोपेचीही नसते.

पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराण्याला जीवाची किंमत नव्याने शिकवायची गरज नाही. ती उंबऱ्याच्या आत पाळली जाते. शेडच्या दाराशी ‘लाइफ’ या सोयीच्या शब्दाआड ती हरवू नये, एवढेच. कर्मसिद्धांतातही आयुकर्म वेगळे आणि जीव वेगळा. एक भोगून संपते, दुसरा संपत नाही. हिशेबात ज्याने हे दोन रकाने एक केले, त्याची वही जुळणार कशी?

यंत्राची लाइफ जरूर मोजावी. त्यात धंद्याचे शहाणपण आहे. त्याच वहीत, त्याच पानावर, आणखी एक रकाना असावा: आज दोन्ही बटणे मोकळी होती का, आणि रात्रपाळीचा माणूस घरी सुखरूप पोहोचला का. डाय नवी येते. त्या माणसाची वाट पाहत घरी कोणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.