जे शोधलेच नाही, ते आढळणार कसे?

औद्योगिक वसाहतीलगतच्या गावाने विहिरीचे पाणी बिघडल्याची तक्रार केली की शासनयंत्रणेचे उत्तर बहुधा ठरलेले असते : नमुना तपासला, पाणी पिण्यास योग्य आहे. हे उत्तर खोटेच असते असे नाही. तथापि ते अपुरे असते, आणि अपुऱ्या सत्याचा लाभ कोणाला मिळतो हा खरा प्रश्न आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावोगावी पाच महिलांना पाणीतपासणीचे प्रशिक्षण देण्याचे ठरविले. हे पाऊल स्वागतार्हच होय. परंतु त्यांच्या हाती दिलेल्या संचातून गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, लोह, नायट्रेट, फ्लोराईड, जिवाणू अशा नेहमीच्याच दोषांची परीक्षा होते. शिसे, पारा, कॅडमियम वा कारखान्यांतील सेंद्रिय रसायने त्यात सापडत नाहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. इतके सूक्ष्म प्रमाण डोळ्यांना वा जिभेला कळत नाही. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळाच लागते.

राजस्थानात उदयपूरनजीक बिछडी येथे ‘एच-ॲसिड’ बनविणाऱ्या कारखान्यांचा विषारी गाळ उघड्यावर टाकला गेला. तो जमिनीत मुरला आणि विहिरी निकामी झाल्या. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसान भरून द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी दिला. तरीही मालकांनी प्रकरण लांबवीत नेले आणि २०११ मध्ये सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. न्याय असा रेंगाळतो. तहान रेंगाळू शकत नाही. म्हणून तपासणी विहीर नासण्यापूर्वीच हवी.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार सांडपाण्याच्या नमुन्याचे कारखानदारासमक्ष दोन भाग होतात आणि त्याने मागणी केल्यास दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. ज्याच्या विहिरीत ते सांडपाणी झिरपते, त्या ग्रामस्थाला मात्र या कलमात स्थान नाही. मालमत्तेच्या रक्षणाची ही दक्षता जीविताच्या वाट्याला का येऊ नये?

यातून मागण्या स्पष्ट होतात. कोणता कारखाना कोणती रसायने वापरतो, यावरून तपासणीची यादी ठरावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर ग्रामस्थांसमक्ष नमुने घ्यावेत आणि मोहोरबंद अर्धा भाग ग्रामपंचायतीला स्वतंत्र तपासणीसाठी मिळावा. निकाल मराठीत पंचायतीच्या फलकावर लागावा. खर्च कारखान्यांनी सोसावा.

ही मागणी रोजगाराच्या विरोधात आहे, अशी हाकाटी होईल. परंतु कामगाराचे बिऱ्हाडही त्याच वस्तीत असते आणि त्याची मुलेही तेच पाणी पितात. तेव्हा कामगार संघटना व ग्रामस्थ यांनी या प्रश्नावर एकत्र आले पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या भागातील तपासणी अहवाल मागविणे, आणि त्यांत काय तपासले याहून काय तपासलेच नाही हे लोकांपुढे मांडणे, येथून कार्यकर्त्यांनी प्रारंभ करावा.