बाग एकदा पाहून भागत नाही



माझे मत असे आहे की, बाग एकदा पाहून भागत नाही. ती निरनिराळ्या ऋतूंत पाहिली पाहिजे. आणि आपल्या गावातले झाडसुद्धा एकाच ऋतूत पाहून 'हे कामाचे, हे बिनकामाचे' असे कोणी ठरवू नये. मला असे का वाटते ते मी खाली लिहिते.

जानेवारी महिन्यात आपल्या शाळेची सहल एस.टी.ने पुण्याला गेली होती. तिथे आम्ही एम्प्रेस गार्डन पाहिले. ही बाग रेसकोर्सजवळ आहे. ती सुमारे ३९ एकर आहे. आमचे शेत दोन एकर आहे. म्हणजे आमच्यासारखी एकोणीस शेते त्या बागेत बसतील आणि वर एक एकर उरेल! पूर्वी तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. सोल्जर म्हणजे शिपाई. पुढे व्हिक्टोरिया राणीवरून तिला एम्प्रेस हे नाव पडले. एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञी. १८७७ साली त्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले होते. १९४७ साली इंग्रजांचे राज्य गेले. राणी तर त्याच्या आधीच गेली होती. पण बाग राहिली. ही बाग अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. नाव फार लांब आहे, मी तीन वेळा लिहून पाठ केले.

दर वर्षी २६ जानेवारीच्या सुमारास तिथे फुलांचे प्रदर्शन भरते. गुलाबाचे इतके रंग असतात हे मला ठाऊक नव्हते. शेवंती, झेंडू, डेलिया यांच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. छोट्या कुंडीत वाढवलेली बुटकी झाडेसुद्धा होती. त्यांना बोन्साय म्हणतात. मुलांची चित्रकला स्पर्धाही त्या बागेत होते. मला हे सगळे फार आवडले. हे प्रदर्शन थंडीतच का भरते असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "पावसाळा सरला की या फुलांचं बी टाकतात, आणि थंडीत ती फुलतात. उन्हाचा चटका बसला की बरीचशी कोमेजून जातात."

प्रदर्शनात लोकांची खूप गर्दी होती. पण मोठ्या झाडांखाली गर्दी नव्हती. सगळे कुंड्यांचे फोटो काढत होते. काही झाडे तर उघडीबोडकी उभी होती, त्यांच्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नव्हते. तेव्हा गुरुजी म्हणाले, "यांची पाळी अजून यायची आहे." उन्हाळ्यात बहावा पिवळाधमक होतो. ताम्हण फुलते, ते तर आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल आहे. पावसाळ्यात कदंबाला चेंडूसारखी फुले येतात. म्हणजे फुलांचे प्रदर्शन खरे तर वर्षभर चालू असते. जानेवारीत त्याला मांडव घालतात, एवढेच!

आमची आजी म्हणते, "अगं, फुलं बघायला एवढे पैसे घालून पुण्याला कशाला जायचं? आपल्या रानात काय हिरवं नाही?" आजीचे थोडे बरोबर आहे. आपल्या रानात कांदा आहे, गहू आहे, बांधावर आंबा आहे. पण आपण जे विकतं किंवा खाता येतं तेच लावतो. बागेत मात्र न विकणारी झाडेसुद्धा सांभाळतात. नवीन माणसाला त्याचे नाव कळावे म्हणून पाटी लावतात. पाटी असली की माणूस विचार करतो. पाटी नसली की माणूस कोयता काढतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. आपल्या शाळेच्या मागे, खिचडी शिजवतात त्या खोलीजवळ एक पांगारा आहे. सध्या त्याला एकही पान नाही. म्हणून काही मोठी माणसे म्हणतात की, तो वाळला आहे, तोडून टाका, फाटी तरी होतील आणि सायकली लावायला जागा होईल. त्याला काटे आहेत, मुलांना टोचतील, असेही म्हणतात.

पण मला वाटते, तो वाळलेला नाही. पांगारा थंडीत पाने गाळतो आणि शिमग्याच्या सुमाराला लालभडक फुलतो. आधी फुले येतात, पाने मागाहून येतात. एका पानाची तीन पाने असतात, पळसासारखी. सहलीहून आल्यावर गुरुजींनी त्याच्या एका फांदीची साल नखाने खरवडून दाखवली. आत हिरवे होते. वाळलेल्या फांदीला आत हिरवे कसे असेल? तुम्हीच सांगा. पांगारा फुलला की मैना, बुलबुल, कावळे मध प्यायला येतात. त्या दिवसांत रानात बाकी पाणी आणि फुले कमी असतात, तेव्हा पाखरांना त्याचा आधार होतो. पाखरांच्या चोचीला पराग लागतो आणि तो दुसऱ्या फुलावर जातो.

काट्यांचे म्हणाल तर काटे खोडाला आहेत. ते चालून आपल्या अंगावर येत नाहीत. खोडाभोवती दगडांचे आळे केले म्हणजे लहान मुले जवळ जाणार नाहीत. दगड आम्ही चौथीची मुले आणू. सायकलींना समोरच्या भिंतीकडे जागा आहे, तिथे दुपारी सावलीही असते.

दुसरे असे की, सहलीची वर्गणी सगळ्यांना जमत नाही. आमच्या वर्गातली चार मुले आली नाहीत. दोघांच्या घरी कांद्याची लागण होती आणि दोघांकडे पैसे नव्हते. त्यांनी बाग कधी बघायची? म्हणून मला वाटते की, आपण आपल्याच शाळेत दर ऋतूला एक प्रदर्शन भरवावे. थंडी, उन्हाळा, पावसाळा अशी वर्षातून तीन. फुले तोडायची नाहीत, खाली पडलेलीच आणायची. पान, फूल, शेंग पुठ्ठ्यावर ठेवायची आणि खाली नाव लिहायचे. नाव माहीत नसेल तर आजी-आजोबांना विचारायचे, त्यांना सगळी झाडे माहीत असतात. गावातल्या मोठ्या झाडांना पाट्या लावायच्या. त्या पत्र्याच्या करून सुतळीने बांधाव्यात, खिळा ठोकू नये. आणि एक वही करावी. कोणत्या झाडाला कोणत्या महिन्यात फूल आले, ते त्यात लिहावे. पुढच्या वर्षी चौथीत येणाऱ्या मुलांना ती वही द्यावी. याला पैसे लागत नाहीत, फक्त रोज बघावे लागते.

आणि सहल परत एम्प्रेस गार्डनला न्यायची असेल तर एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यावी, अशी माझी गुरुजींना विनंती आहे. तेव्हा तिथे मांडव नसेल, गर्दी नसेल, पण झाडे असतील.

पालकहो, तुम्ही शाळेच्या बैठकीला येता तेव्हा हे भित्तिपत्रक वाचता, म्हणून मी मुद्दाम इथे लिहिले आहे. पांगारा तोडायचा का नाही हे बैठकीत ठरणार आहे. आम्हा मुलांना बैठकीत बोलता येत नाही. तुम्ही आमच्या वतीने एवढेच सांगा की, शिमग्यापर्यंत थांबा. तोवर त्याला फुले आली नाहीत तर मग खुशाल तोडा, मी काही म्हणणार नाही. पण फुले आली तर पहिली पाटी त्यालाच लावायची.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी